वाळवंटी कॅन्यनच्या मुलखातील पहिली ऑफ-रोड सहल: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या युटा राज्यात मोआब या गावाभोवती लाल वालुकाश्माच्या खोल घळींचा मुलूख पसरला आहे. तेथील कच्च्या वाटांवर स्वतः गाडी चालवू इच्छिणाऱ्या आणि आखणी नागपुरात बसून करणाऱ्या वाचकांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. बहुतेकांचे प्रश्न गाडीपासून सुरू होतात. माझ्या मते ते पाण्यापासून सुरू व्हायला हवेत, कारण त्या मुलखात आपण किती पाणी सोबत नेतो आणि दूर कुठे किती पाणी पडते, या दोन गोष्टींवरच दिवसाची सगळी आखणी उभी असते.

पहिल्या सहलीसाठी मोआबच का निवडावे?

सोप्या, मध्यम आणि अत्यंत कठीण अशा तिन्ही प्रकारच्या वाटा या एकाच गावापासून निघतात, आणि कच्च्या वाटेवर नेण्याची मुभा असलेल्या जीप तिथेच भाड्याने मिळतात. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही दोन राष्ट्रीय उद्याने जवळ आहेत. सॉल्ट लेक सिटीहून मोआब सुमारे ३७५ किलोमीटर, तर कोलोरॅडोतील ग्रँड जंक्शनहून सुमारे १८० किलोमीटर आहे. संध्याकाळी गावात परतून पलंगावर झोपता येते, त्यामुळे पहिल्याच सहलीत तंबू, स्वयंपाक आणि रात्रीची थंडी यांचा भार अंगावर येत नाही.

कोणत्या महिन्यात जावे?

एप्रिल-मे आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. या दिवसांत दुपारचे तापमान साधारण १५ ते २७ अंश सेल्सिअस असते, मात्र पहाटे ते शून्याजवळही उतरते, म्हणून मे महिन्यातही गरम कपडे लागतात. नागपूरच्या शाळांची उन्हाळी सुटी जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालते, म्हणून अनेक कुटुंबे सहल जूनमध्ये ढकलतात. ते टाळावे. जूनमध्ये मोआबचा उकाडा कडक होतो, आणि जुलैपासून सप्टेंबरपर्यंत तिथला मान्सून दुपारच्या वादळी सरी घेऊन येतो. सुटीचे पहिले पंधरा दिवस किंवा ऑक्टोबरात येणारी दिवाळीची सुटी हे दोनच पर्याय मी सुचवीन. ईस्टरच्या आठवड्यात मोआबमध्ये १९६७ पासून जीपचालकांचा मोठा मेळावा भरतो. त्या काळात खोल्या मिळत नाहीत आणि वाटांवर गर्दी असते, त्यामुळे नवख्याने तो आठवडा सोडून द्यावा.

आम्ही नवतपा सोसणारी माणसे आहोत. तिथल्या उन्हाची आम्हाला काय भीती?

कोरड्या उष्णतेची ओळख असणे ही जमेची बाजू आहे. परंतु नवतपात नागपूरकर दुपारी घराबाहेर पडत नाही, पडलाच तर डोक्याला दुपट्टा बांधून पडतो, आणि पाण्याचा माठ कधीच फार दूर नसतो. कॅन्यनमध्ये सावली नाही आणि पाणीही नाही. कॅन्यनलँड्समधील व्हाइट रिमसारख्या वाटेवर शंभर मैलांत पिण्याच्या पाण्याचा एकही नळ लागत नाही. शिवाय २५ अंशांच्या प्रसन्न हवेत तहान फारशी जाणवत नाही, घाम अंगावर दिसण्यापूर्वीच उडून जातो आणि शरीर कोरडे पडत असल्याचे डोके दुखू लागेपर्यंत लक्षात येत नाही.

माणशी दिवसाला चार लिटर हा किमान हिशेब धरावा आणि एका दिवसाच्या फेरीसाठीही दोन दिवसांचे पाणी गाडीत ठेवावे. चार माणसांच्या कुटुंबाला म्हणजे बत्तीस लिटर. हा आकडा ऐकून पुष्कळांना अतिरेक वाटतो, पण गाडी बंद पडून रात्र बाहेर काढावी लागली तर त्यातला प्रत्येक लिटर कामी येतो. सगळे पाणी एकाच कॅनमध्ये भरू नये, कारण खडबडीत वाटेवर आदळून कॅन फुटतात. ओआरएसची पाकिटे येथूनच न्यावीत.

आकाश निरभ्र असेल तर पुराचा धोका कसा?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. त्या मुलखात पुष्कळ ठिकाणी माती अशी नसतेच, उघडा खडक असतो. पडलेले पाणी मुरत नाही; ते खडकावरून घसरत नाल्यात, नाल्यातून अरुंद घळीत जाते आणि तिथे काही मिनिटांत भिंतीसारखे पुढे येते. पाऊस जिथे पडला ती जागा आणि पूर जिथे आला ती जागा यांत अनेक किलोमीटरचे अंतर असू शकते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक असेच वाहून गेले. वादळ दूर वरच्या अंगाला झाले होते.

म्हणून सकाळी निघण्यापूर्वी केवळ आपल्या ठिकाणचा अंदाज पाहून भागत नाही, तर आपल्या वाटेला येऊन मिळणारे नाले कुठून येतात ते नकाशावर पाहून तिथला अंदाजही पाहावा लागतो. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा युटातील उद्यानांसाठी आकस्मिक पुराच्या शक्यतेचा दररोजचा अंदाज चार पायऱ्यांत देते. सर्वांत खालची पायरी, म्हणजे पूर अपेक्षित नाही, एवढीच असेल तर नाल्यातून जाणारी वाट घ्यावी. त्याच्या वरच्या कोणत्याही पायरीला नवख्याने उघड्या पठारावरची वाट निवडावी.

कोरड्या नाल्याच्या पात्रात गाडी उभी करून जेवायला बसू नये, मग तिथे कितीही सुंदर सावली असो. वाट ओलांडून पाणी वाहत असेल तर थांबावे. दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्या, एसयूव्हीसुद्धा, वाहून नेते, आणि गढूळ पाण्याखाली वाट शिल्लक आहे की खचली आहे हे काठावरून कळत नाही. हे पूर बहुधा काही तासांत ओसरतात. ते तास काठावर बसून काढता यावेत यासाठीच तर गाडीत जास्तीचे पाणी आणि खाणे असते.

पाऊस थांबल्यावर लगेच निघता येते का?

वाट कशाची आहे त्यावर ते अवलंबून आहे. वालुकाश्मावरची किंवा वाळूची वाट लवकर सावरते. किंबहुना थोडी ओलसर वाळू कोरड्या वाळूपेक्षा चाकाला बरीच सोयीची असते. अडचण चिकणमातीची आहे. मोआबच्या आसपासच्या अनेक थरांत ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली बेंटोनाइट माती आहे. पाणी शोषून फुगणाऱ्या खनिजांचा जो गट या मातीत आहे, तोच विदर्भातील कपाशीच्या काळ्या मातीतही आहे. ऐन पावसाळ्यात पांदण रस्त्यावर बैलगाडी कशी रुतते आणि चपलेखाली मातीचा गोळा कसा चढत जातो हे ज्याने पाहिले आहे, त्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. टायरच्या नक्षीत ती माती भरली की टायर गुळगुळीत होतो, आणि चारही चाकांना ताकद मिळत असली तरी चारही चाके सारखीच घसरतात.

कॅपिटल रीफ उद्यानातील कॅथेड्रल व्हॅलीची सुमारे ९३ किलोमीटरची फेरी हे याचे ठळक उदाहरण आहे. कोरड्या दिवसांत ती नवख्यालाही जमण्यासारखी आहे. पाऊस झाल्यावर मात्र अनुभवी चालकही तिथे जात नाहीत. अशा वेळी एखादा-दोन दिवस थांबावे आणि उद्यानाच्या माहिती केंद्रात जाऊन वाटेची आजची स्थिती विचारावी. ओल्या वाटेवर कसेबसे निघून गेले तरी मागे राहिलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात आणि पुढच्या प्रत्येकाला त्रास देतात, याचाही विचार व्हावा.

मुलाकडे अमेरिकेत ऑल व्हील ड्राइव्हची एसयूव्ही आहे. तीच नेली तर?

डांबरी रस्त्यांवरून उद्याने पाहण्यासाठी अवश्य न्यावी. परंतु कॅन्यनलँड्सच्या अंतर्भागातील वाटांना जमिनीपासून पुरेशी उंच आणि लो रेंज गिअर (गाडी अगदी सावकाश पण जास्त जोराने चालवणारा गिअर) असलेली खरी फोर व्हील ड्राइव्ह गाडीच लागते. ऑल व्हील ड्राइव्ह त्या नियमात बसत नाही. एटीव्ही आणि साइड-बाय-साइड प्रकारची छोटी वाहने तर त्या उद्यानात नेताच येत नाहीत. हा नियम जाचक नाही: तीव्र उतारावर लो रेंजशिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होऊ शकतात.

विमानतळावरून घेतलेल्या भाड्याच्या गाडीबाबत करार नीट वाचावा. सर्वसाधारण कंपन्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते आणि तसे केल्यास विम्याचे संरक्षणही राहत नाही. मोआबमध्ये दिवसाच्या भाड्याने जीप घ्यावी. तिथेही कोणत्या वाटांना परवानगी आहे, टायर आणि गाडीच्या खालच्या भागाचे नुकसान कोणी भरायचे, आणि टायरची हवा कमी करण्यास मुभा आहे का, हे तीन प्रश्न सही करण्यापूर्वी विचारून उत्तरे लेखी घ्यावीत.

नागपूरचे लायसन्स तिथे चालते का?

आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा आणि मूळ लायसन्ससोबत ठेवावा. अर्ज परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवरून करता येतो, शुल्क १,००० रुपये आहे आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. पासपोर्टची प्रत जोडावी लागते. चालकाचे वय पंचवीसपेक्षा कमी असेल तर भाडे कंपन्या बहुधा जादा आकार घेतात किंवा गाडीच देत नाहीत.

स्टिअरिंग डावीकडे आणि वाहतूक उजवीकडून, या बदलाला पहिला एक दिवस द्यावा. तो दिवस डांबरी रस्त्यावरच काढावा.

पहिली वाट कोणती घ्यावी? व्हाइट रिमविषयी फार ऐकले आहे.

व्हाइट रिम रोड शंभर मैलांचा, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरचा आहे. वरच्या पठाराच्या हजार फुटांहून अधिक खाली, पांढऱ्या वालुकाश्माच्या कडेकडेने तो जातो. १९५० च्या दशकात युरेनियमच्या शोधासाठी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने तो तयार करवला. लोक तो साधारण दोन-तीन दिवसांत पूर्ण करतात. मर्फी हॉगबॅक आणि हार्डस्क्रॅबल हिल येथील चढ-उतार अरुंद आणि उघडे आहेत, आणि मध्येच त्रास झाला तर बाहेर पडण्याचा जवळचा मार्ग नाही. ऑगस्ट २०१० मध्ये आलेल्या पुराने या वाटेच्या पश्चिम टोकाकडील मिनरल बॉटमची वळणे वाहून नेली होती, यावरून तेथील पाण्याची ताकद कळावी. पहिल्या सहलीत संपूर्ण व्हाइट रिम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी शाफर ट्रेल घ्यावा. आयलंड इन द स्काय या पठारावरून तो कड्याच्या पोटातून वळणे घेत सुमारे १,५०० फूट खाली उतरतो आणि पुढे पोटॅश रोडने, क्षार सुकवण्याच्या निळ्याशार तळ्यांजवळून, कोलोरॅडो नदीच्या काठाने मोआबला पोहोचतो. शाफर नावाच्या गुराख्यांच्या कुटुंबाने जुनी पायवाट गुरांसाठी रुंद केली आणि पुढे युरेनियमचे ट्रक त्यावरून चालले. कोरड्या हवेत, लो रेंजमध्ये आणि घाई न करता ही वाट नवख्या चालकाला जमते. अर्धा दिवस पुरतो. मात्र कड्याच्या बाजूला कठडा नाही. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी खालून, पोटॅश रोडने सुरुवात करावी आणि चढाचा पायथा आला की तिथूनच माघारी वळावे. तेवढाही दिवस उत्तम जातो.

हेल्स रिव्हेंज हे नाव व्हिडिओंमध्ये सतत दिसते. उघड्या खडकावरचे ते चढ पहिल्या सहलीत स्वतः चालवण्यासारखे नाहीत. हौस असेल तर स्थानिक मार्गदर्शकाच्या गाडीत बसून जावे.

उद्यानाचे परवाने आणि शुल्क यांचे काय?

व्हाइट रिम आणि एलिफंट हिल यांसारख्या वाटांसाठी एका दिवसाचाही वेगळा परवाना लागतो आणि तो सरकारी संकेतस्थळावरून आधी काढता येतो. शाफर ट्रेलला उद्यानाचे प्रवेशशुल्क पुरते. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या पर्यटकांकडून ११ उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा घेतले जातात. त्यांत ग्रँड कॅन्यन, झायन आणि ब्राइस कॅन्यन आहेत. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स नाहीत. एकाच सहलीत सर्व काही पाहण्याचा बेत असलेल्यांनी हा खर्च आधी मांडावा.

लो रेंज केव्हा लावावी आणि टायरमध्ये हवा किती ठेवावी?

कच्च्या पण सपाट वाटेवर फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर), तीव्र चढ-उतारावर आणि मोठ्या दगडांवर फोर लो (चारही चाकांना ताकद, लो रेंज). कोरड्या डांबरी रस्त्यावर यांपैकी काहीही लावू नये, कारण वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि तो ताण गिअरच्या यंत्रणेवर येतो. उतारावर फोर लोमध्ये पहिला गिअर ठेवून इंजिनालाच गाडी धरू द्यावी, ब्रेक अधूनमधून हलकेच दाबावा. अरुंद चढावर समोरासमोर आल्यास चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचे असते.

भाडे कंपनीची मुभा असेल तर खडबडीत वाटेवर हवा पंचवीस पीएसआयच्या आसपास आणि मऊ वाळूत अठरा-वीसपर्यंत उतरवावी. टायर जमिनीवर अधिक पसरतो, रुतत नाही आणि बसणारे धक्केही कमी होतात. डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरलीच पाहिजे, त्यामुळे लहान कॉम्प्रेसर सोबत नसेल तर हवा उतरवू नये.

नागपूरच्या आसपास सराव कुठे करता येईल?

ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन, कोरड्या दिवसांत, पांदण रस्त्यावर. थार किंवा जिम्नी उपलब्ध असेल तर लो रेंज लावणे-काढणे, ब्रेकला पाय न लावता उतार उतरणे, उतरून पुढची वाट पायी पाहून येणे आणि बाहेर उभ्या माणसाच्या हाताच्या खुणांवर चाक नेमके दगडावर ठेवणे, एवढे चार धडे पुरेसे आहेत. पावसाळ्यात पांदणीवर गाडी घालू नये. शेतकऱ्याला पेरणीला त्याच वाटेने जायचे असते. पेंच, उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबा ही जंगले सरावाच्या जागा नाहीत, आणि नदीच्या पात्रात गाडी घालणे तर कुठेच योग्य नाही.

गाडी रुतली किंवा बंद पडली तर?

चाक जागच्या जागी फिरू लागले की लगेच पाय काढावा. रेटल्याने ते अधिक खोल जाते. फावड्याने चाकांपुढची वाळू काढावी, हवा आणखी थोडी उतरवावी आणि आलेल्याच चाकोरीतून मागे यावे. दुसऱ्या गाडीने ओढायचे असल्यास पट्टा फक्त गाडीला दिलेल्या मजबूत हुकांनाच लावावा. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला तो कधीही लावू नये, कारण तो गोळा तुटून गोळीसारखा उडतो आणि त्याने माणसे दगावली आहेत.

काहीही झाले तरी गाडी सोडून चालत निघू नये. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते, सावली तिचीच असते आणि पाणीही तिच्यातच असते. उद्यानाच्या आतून गाडी ओढून आणण्याचा खर्च हजार डॉलरांच्या पुढे जातो. निघण्यापूर्वी पूर्ण मापाची स्टेपनी, जॅक आणि त्याखाली ठेवायची फळी तपासणे त्या मानाने फारच स्वस्त आहे. पेट्रोलची टाकी दररोज सकाळी पूर्ण भरावी. आय-७० महामार्गावरही ग्रीन रिव्हर गावाच्या पश्चिमेला सुमारे १७० किलोमीटर एकही पंप नाही.

मोबाइलला रेंज नसेल तर घरच्यांशी संपर्क कसा ठेवायचा?

रेंज नसणारच, असे धरून चालावे. एप्रिल २००३ मध्ये युटातील ब्लूजॉन कॅन्यनमध्ये ॲरन रॅल्स्टन हा गिर्यारोहक दगडाखाली हात अडकून पाच दिवस एकटा होता. तो कुठे जाणार हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते, त्यामुळे त्याचा शोध सुरू व्हायलाच काही दिवस गेले. आपली वाट, गाडीचा क्रमांक, परतण्याची वेळ आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास हालचाल करायची ती वेळ, हे सगळे एका विश्वासाच्या माणसाकडे लिहून द्यावे.

तो माणूस नागपुरात असला तरी चालते. उन्हाळ्यात युटाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते, म्हणजे मोआबला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा नागपुरात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि घरी सगळे जागे असतात. मात्र भारतातून ९११ हा क्रमांक लागत नाही. युटात शोध आणि बचावाचे काम त्या त्या काउंटीच्या शेरीफकडे असते. त्या कार्यालयाचा पूर्ण दूरध्वनी क्रमांक घरी लिहून ठेवावा.

आयफोन १४ किंवा त्यानंतरच्या फोनवरून अमेरिकेत उपग्रहामार्फत आणीबाणीचा संदेश पाठवता येतो. वेगळे उपग्रह संदेशयंत्र तिथे भाड्याने घ्यावे आणि तिथेच परत करावे. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी यंत्रे भारतात आणणे बेकायदा आहे, आणि विमानतळावर त्यावरून प्रवाशांना अटक झालेली आहे.

वाट अगदी खराब असेल तर बाजूने गाडी घातली तर काय बिघडते?

पुष्कळ बिघडते. त्या मुलखातील जमिनीवर सूक्ष्म निळे-हिरवे जिवाणू, शैवाक आणि शेवाळ यांचा काळपट, खडबडीत थर असतो. तो वाळू धरून ठेवतो, पावसाचे पाणी अडवतो आणि झाडांना नत्र पुरवतो. एका चाकाखाली तो चुरडला की पूर्ववत होण्यास अनेक दशके लागतात. वाट जमत नसेल तर माघारी वळावे. पर्यायी वाट तयार करू नये. पायी उतरल्यावरही खडकावरून किंवा कोरड्या नाल्यातून चालावे.

आई-वडील आणि लहान मुले सोबत असतील तर?

धक्क्यांचा त्रास मान आणि पाठ यांना होतो, म्हणून मणक्याचे दुखणे असणाऱ्यांनी वरच्या पठारावर थांबावे. तिथले डांबरी रस्त्यावरचे देखावे कमी प्रतीचे नाहीत. नियमित औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत आणि प्रवासी वैद्यकीय विमा आधीच काढावा. घरचा चिवडा, लाडू नेता येतात, पण अमेरिकेच्या विमानतळावर सगळे खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात.

त्याच सहलीत मॉन्युमेंट व्हॅलीतही गाडी चालवता येईल का?

येईल. ती नावाहो राष्ट्राची, म्हणजे नावाहो या अमेरिकेतील मूळनिवासी लोकांची स्वायत्त भूमी आहे आणि नियम त्यांचे आहेत. सतरा मैलांची कच्ची फेरी पर्यटकांना खुली असते. तिच्या बाहेर नावाहो मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही, आणि ड्रोन उडवता येत नाही. माणसांचे आणि घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. वेळेकडेही लक्ष द्यावे: नावाहो राष्ट्र उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करते, उर्वरित ॲरिझोना करत नाही. पेजहून सकाळची वेळ ठरवून येणाऱ्यांनी म्हणूनच त्या दिवशी एक तास लवकर निघावे.